मूत्राशयाचा कर्करोग : ऊतीची साक्ष आणि तिचा अर्थ

वार्षिक अहवालात जमाखर्च आणि रुग्णसंख्या यांच्या जोडीने एखाद्या आजाराची सविस्तर माहिती द्यावी, असा आमचा प्रघात आहे. यंदा मूत्राशयाचा कर्करोग आणि त्याच्या तपासणीत वापरली जाणारी ऊतीदर्शके हा विषय घेतला आहे. त्याची कारणे दोन. शिरूर आणि दौंड तालुक्यांतील कुटुंबे बायॉप्सीचा अहवाल हातात घेऊन आमच्यासमोर बसतात. अहवालावर ‘सीके-२०’, ‘गाटा-३’, ‘पी-५३’ अशी अक्षरे आणि त्यांपुढे अधिक-उणे चिन्हे असतात. त्या अक्षरांचा अर्थ त्यांना कोणी सांगितलेला नसतो. त्यांचे प्रश्न मात्र अगदी साधे असतात. हा कर्करोगच आहे का? मूत्राशय काढावे लागेल का? बरे झाल्यावर पुन्हा उद्भवेल का? दुसरे कारण देणगीदारांचे. या तपासण्यांसाठी साहाय्य करावयाचे तर ते नेमके कशाला करावे, अशी विचारणा विश्वस्त आणि हितचिंतक करतात. दोन्ही विचारणांना एकत्रित उत्तर द्यावे, हा या लेखाचा हेतू आहे.

लेखाचे सार आरंभीच सांगतो. दर्शक हे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. न विचारलेल्या प्रश्नाचे देत नाही. आणि खराब झालेल्या तुकड्यातून तर कोणत्याच प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

वेदना नसलेले रक्त

मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. तिच्या आतील बाजूस पेशींचे एक पातळ अस्तर असते. मूत्राशयाचे बहुतेक कर्करोग या अस्तरात सुरू होतात. पहिले लक्षण बहुधा एकच : लघवीतून रक्त जाणे, आणि तेही वेदनेवाचून. येथेच घात होतो. दुखत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो. ‘अंगात उष्णता झाली’, ‘उन्हाळी लागली’, ‘मुतखडा असेल’ असे म्हणून धणे-जिऱ्याचे पाणी आणि सब्जा यांवर काही दिवस जातात. रक्त आपोआप थांबते, कारण या आजारात ते मधूनमधूनच जाते. मग ‘ऊस कारखान्याला जाऊ द्या, सुगी आटोपू द्या, मग दवाखान्याचे पाहू’ असे म्हणत महिने लोटतात.

या आजाराचे सर्वांत मोठे ज्ञात कारण धूम्रपान होय. धुरातील कर्करोगकारक द्रव्ये रक्तातून मूत्रपिंडात येतात आणि लघवीबरोबर मूत्राशयात तासन्‌तास साठून राहतात. दुसरे कारण काही रसायनांचे. १८९५ साली जर्मनीतील फ्रँकफर्ट येथील शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातील कामगारांना मूत्राशयाचे कर्करोग होत असल्याचे प्रथम दाखवून दिले. तिसरे कारण एका परोपजीवी कृमीचे. त्याचा त्रास इजिप्त व आफ्रिकेतील इतर काही देशांत मोठा आहे. आपल्याकडे मात्र रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी त्याचा संसर्ग आढळल्याची १९५२ सालची नोंद अपवाद म्हणून प्रसिद्ध आहे. आपल्या दोन तालुक्यांतील रुग्णांच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की विडी-सिगारेटचा आणि कामाचा इतिहास डॉक्टरांना न लपवता सांगावा. रांजणगाव व कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती आहेत. रसायने वा रंग हाताळण्याचे काम कोणी, कोठे व किती वर्षे केले, ही माहिती निदानाच्या कामी येते.

तुकड्याचा प्रवास

लघवीतील रक्ताचे कारण शोधताना सोनोग्राफी आणि लघवीतील पेशींची तपासणी होते. परंतु निश्चित निदान दुर्बिणीने मूत्राशयात पाहून, गाठ खरवडून काढून आणि तिचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासूनच होते. या पहिल्या शस्त्रक्रियेत मिळालेली ऊती हा रुग्णाच्या संपूर्ण आजाराचा मूळ दस्तऐवज आहे. पुढील सर्व निर्णय तिच्यावरून होतात.

सूक्ष्मदर्शकाखाली पॅथॉलॉजिस्ट प्रथम दोन गोष्टी पाहतात. पहिली म्हणजे प्रत : पेशी सौम्य दिसतात की उग्र. दुसरी म्हणजे खोली : कर्करोग अस्तरापुरताच आहे, अस्तराखालील थरात उतरला आहे, की स्नायूत शिरला आहे. जगभरच्या अनुभवानुसार निदानाच्या वेळी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत तो स्नायूपर्यंत गेलेला नसतो. अशा रुग्णांत गाठ खरवडून, मूत्राशयात औषध सोडून आणि वारंवार दुर्बिणीने तपासून मूत्राशय वाचवता येते. स्नायूत शिरलेला कर्करोग मात्र बहुधा केमोथेरपी आणि मूत्राशय काढण्याची मोठी शस्त्रक्रिया, किंवा निवडक रुग्णांत किरणोपचार, यांकडे नेतो. म्हणून पाठविलेल्या तुकड्यांत स्नायूचा अंश असणे अत्यावश्यक असते. तो नसेल तर ‘स्नायूत शिरलेला नाही’ असे कोणीही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. स्नायू मिळाला नसल्यास किंवा कर्करोग अस्तराखाली उतरला असल्यास दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा खरवडण्याचा सल्ला देतात, तो यासाठीच. ती पहिल्या डॉक्टरांची चूक समजू नये. तो उपचाराचाच भाग आहे.

तुकडा काढल्यावर त्यातील पेशी लगेच कुजू लागतात. ते थांबवण्यासाठी तो दहा टक्के फॉर्मालिनमध्ये, त्याच्या आकाराच्या कित्येक पट द्रवात, तत्काळ बुडवावा लागतो. ऊती टिकविण्याचा हा गुण फर्डिनांड ब्लूम यांनी १८९३ साली फ्रँकफर्ट येथेच दाखवून दिला आणि आजही त्याला सोपा पर्याय नाही. मिठाचे पाणी किंवा रिकामी बाटली चालत नाही. तुकडा सहा तासांहून कमी काळ फॉर्मालिनमध्ये राहिला तर तो नीट पक्का होत नाही. बहात्तर तासांहून फार अधिक राहिला तर काही दर्शके दिसेनाशी होतात. घोडनदीकाठच्या शिरूरहून किंवा भीमेकाठच्या दौंडहून नमुना पुण्याला पाठवताना हे भान विशेष ठेवावे लागते, कारण रविवार आणि सणाची सुट्टी बाटलीतल्या तुकड्याला ठाऊक नसते.

प्रयोगशाळेत तो तुकडा मेणात बसवला जातो. या मेणाच्या वडीला ‘ब्लॉक’ म्हणतात. तिच्यातून केसापेक्षाही कितीतरी पातळ काप काढून काचपट्टीवर घेतात आणि रंगवतात. ब्लॉक नीट ठेवला तर वर्षानुवर्षे टिकतो आणि त्यातून पुन्हा पुन्हा काप काढता येतात.

दर्शक म्हणजे काय

नेहमीच्या रंगांनी पेशीचा आकार आणि केंद्रक दिसते. पेशीच्या आत कोणती प्रथिने आहेत ते दिसत नाही. ते दाखवण्यासाठी प्रतिपिंडांचा उपयोग करतात. विशिष्ट प्रथिनाला नेमके चिकटणारे प्रतिपिंड कापावर सोडतात आणि ते जेथे चिकटले तेथे तपकिरी रंग उमटेल अशी व्यवस्था करतात. प्रतिपिंडाला खूण जोडून ऊतीत पदार्थ शोधण्याची ही कल्पना अमेरिकेत अल्बर्ट कून्स यांनी १९४१ साली मांडली. योगायोग असा, की त्याच वर्षी मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तेथील प्रयोगशाळांची धुरा घेतली. काचपट्टीचे काटेकोर वाचन हा कर्करोग-उपचाराचा पाया आहे, ही शिस्त त्यांच्या पिढीने आपल्याकडे रुजवली. १९७५ साली कोलर आणि मिल्स्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तेवढी तयार करण्याची रीत शोधल्यावर या तपासणीचा सर्वत्र प्रसार झाला. अशा रीतीने दिसणारे प्रथिन, किंवा पेशीच्या जनुकातील बदल, याला आपण दर्शक म्हणू. डॉक्टरांच्या बोलीत त्यालाच मार्कर म्हणतात.

दर्शकांना तीन प्रकारचे प्रश्न विचारले जातात. हे काय आहे? हे पुढे कसे वागेल? यावर कोणते औषध लागू पडेल? तिन्ही प्रश्न वेगळे आहेत, आणि एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला लावले की गोंधळ होतो.

हे काय आहे?

निदानाच्या कामी दर्शकांचे स्थान आज पक्के झाले आहे. दोन उदाहरणे देतो.

मूत्राशयाच्या अस्तरात एक सपाट, गाठ नसलेला पण उग्र प्रतीचा कर्करोग असतो. दुर्बिणीतून तो नुसता लालसर चट्टा दिसतो, काही वेळा तोही नाही. दीर्घकाळ मुतखडा, जंतुसंसर्ग किंवा लघवीची नळी असलेल्या रुग्णांच्या अस्तरातील पेशीही सुजून विचित्र दिसू शकतात. या दोहोंत फरक करणे कठीण, आणि चूक दोन्ही बाजूंनी महाग. अशा वेळी तीन दर्शके एकत्र पाहतात. निरोगी अस्तरात सीके-२० केवळ सर्वांत वरच्या पेशींत असते आणि सीडी-४४ तळाच्या पेशींत असते. सपाट कर्करोगात सीके-२० अस्तराच्या संपूर्ण जाडीत पसरते, सीडी-४४ नाहीसे होते आणि पी-५३ पुष्कळशा केंद्रकांत गडद उमटते. तिघांची साक्ष जुळली तर निदान बळकट होते. न जुळल्यास घाई न करता पुन्हा तपासणी करावी लागते.

दुसरे उदाहरण वयस्क पुरुषांचे. मूत्राशयाच्या मुखाशी उग्र गाठ आहे. ती मूत्राशयाची, की खालच्या प्रोस्टेट ग्रंथीतून वर आलेली? नुसत्या आकारावरून काही वेळा सांगता येत नाही. गाटा-३ आणि पी-६३ उमटले तर ती मूत्राशयाच्या अस्तराची असण्याचा संभव अधिक. पीएसए आणि एनकेएक्स-३.१ उमटले तर प्रोस्टेटची. पहिल्या निदानात मूत्राशय काढण्याचा विचार करावा लागेल, तर दुसऱ्यात हार्मोनचे उपचार लागू पडतील. चार काचपट्ट्यांवर एवढा मोठा फरक अवलंबून असतो. गाटा-३ स्तनाच्या कर्करोगातही उमटते. म्हणून एकाच दर्शकावर विसंबू नये आणि रुग्णाचा पूर्वेतिहास पॅथॉलॉजिस्टला अवश्य कळवावा.

हे पुढे कसे वागेल?

कुटुंबीयांना या प्रश्नाची सर्वाधिक ओढ असते आणि दर्शकांची मर्यादाही येथेच सर्वाधिक जाणवते. त्यासाठी पी-५३ ची कथा उद्‌बोधक आहे.

पी-५३ हे पेशींच्या वाढीवर लगाम ठेवणारे प्रथिन. त्याच्या जनुकात बिघाड झाला की सदोष प्रथिन केंद्रकात साठते आणि रंजनात दिसते. १९९४ साली अमेरिकेतील एका प्रसिद्ध अभ्यासात मूत्राशय काढलेल्या २४३ रुग्णांच्या ऊती तपासल्या गेल्या. ज्यांच्या पेशींत पी-५३ साठलेले होते त्यांच्यात आजार परतण्याचे प्रमाण अधिक दिसले. साहजिकच असे वाटले, की अशा रुग्णांना निवडून केमोथेरपी द्यावी. ही कल्पना मग रीतसर कसोटीला लावली गेली. पी-५३ साठलेल्या रुग्णांपैकी काहींना केमोथेरपी आणि काहींना केवळ देखरेख, अशी चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. मध्यंतरीच्या पडताळणीत लाभ सिद्ध होण्याची चिन्हे दिसेनात, म्हणून नवे रुग्ण घेणे थांबवले गेले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पी-५३ वरून केमोथेरपीचा लाभ ठरवता आला नाही, आणि त्या रुग्णांत आजार परतण्याचे भाकीतही करता आले नाही.

याचा अर्थ पहिला अभ्यास खोटा होता असा नव्हे. जुन्या काचपट्ट्यांत आढळलेला संबंध नव्या रुग्णाच्या उपचाराचा आधार होण्यापूर्वी त्याला कठोर परीक्षेतून जावे लागते, एवढाच त्याचा बोध. पेशी किती वेगाने वाढत आहेत हे सांगणारे के-आय-६७, पेशीचक्राशी निगडित आरबी आणि पी-२१, अशा अनेक दर्शकांवर दीर्घकाळ संशोधन झाले. त्यांचा उपयोग पूरक माहितीसारखा होतो. परंतु स्नायूत न शिरलेल्या कर्करोगाची जोखीम ठरवताना आजही प्रत, खोली, गाठींची संख्या व आकार, सपाट कर्करोगाची उपस्थिती आणि आजार पूर्वी परतला होता का, याच गोष्टींना मुख्य मान आहे. यांतील बहुतेक गोष्टींना महागडे यंत्र लागत नाही. काळजीपूर्वक दुर्बीण, चांगला तुकडा आणि सजग डोळा लागतो.

आणखी एक गोष्ट नम्रपणे सांगतो. दर्शकांवरून काढलेले भाकीत शंभर रुग्णांच्या समूहाविषयी असते. समोर बसलेले वडील किंवा आजी त्या शंभरांतील कोणत्या बाजूस असतील, हे अहवाल सांगत नाही. ‘पी-५३ पॉझिटिव्ह’ या शब्दांनी घरात रडारड होऊ नये आणि ‘निगेटिव्ह’ या शब्दाने पुढची तपासणी चुकू नये.

कोणते औषध लागू पडेल?

उग्र प्रतीच्या पण स्नायूत न शिरलेल्या कर्करोगात मूत्राशयात बीसीजी सोडणे हा प्रमुख उपचार आहे. क्षयाविरुद्ध लहान मुलांना टोचली जाणारी तीच बीसीजी. कॅनडातील डॉ. मोरालेस यांनी १९७६ साली हा उपयोग प्रसिद्ध केला, आणि दौंडहून पुण्याला येताना सोलापूर रस्त्यावर लागणाऱ्या हडपसरच्या सिरम इन्स्टिट्यूटने मूत्राशयासाठीची बीसीजी आपल्या देशातच तयार केली. ती कोणास लागू पडेल हे आधी खात्रीने सांगणारे दर्शक मात्र अद्याप नित्याच्या वापरात आलेले नाही. म्हणून तिचा क्रम पूर्ण करणे आणि नंतर दुर्बिणीने पाहणे, हीच खरी कसोटी.

पसरलेल्या आजारात चित्र बदलत आहे. एफजीएफआर-३ या जनुकातील बदल असलेल्या रुग्णांसाठी एर्डाफिटिनिब या औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ साली मान्यता दिली. येथे दर्शक खरोखर दार उघडते : बदल असेल तरच औषध. हर-२ हे प्रथिन गडद उमटलेल्या पसरलेल्या कर्करोगांसाठीही २०२४ साली एका औषधाला तशीच मान्यता मिळाली. पीडी-एल१ ची कहाणी मात्र सरळ नाही. प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधांसाठी ते तपासले जाते. पण निरनिराळ्या औषधांसाठी प्रतिपिंडे निराळी आणि मोजण्याच्या पद्धतीही निराळ्या, त्यामुळे एका पद्धतीने ‘जास्त’ आलेले दुसऱ्या पद्धतीने ‘कमी’ येऊ शकते. २०२३ साली एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन आणि पेम्ब्रोलिझुमॅब या जोडीला तेथे मान्यता मिळाली, त्यासाठी पीडी-एल१ ची अटच नाही. तेव्हा कोणतीही महाग तपासणी करण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारावा : ‘डॉक्टर, या अहवालाने उपचारात काय बदलेल?’ उत्तर ‘काही नाही’ असे असेल तर तो पैसा औषधासाठी राखावा.

शिरूर-दौंडच्या कुटुंबांस

लघवीत एकदाही रक्त दिसले आणि थांबले, तरी तपासणी करून घ्यावी. चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि धूम्रपान करणाऱ्यांनी तर विनाविलंब. केवळ जागृतीने काय साधते याचे उदाहरण दौंडच्या पुढे, सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे आहे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तेथे १९८७ साली सुरू झाली. खेड्यापाड्यांत आजाराची माहिती दिल्यानंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात उपचाराला येऊ लागल्याचे त्या नोंदींतून दिसले. मूत्राशयाच्या कर्करोगातही हे का घडू नये?

बायॉप्सीच्या अहवालाची मूळ प्रत, तिच्यावरील क्रमांक आणि प्रयोगशाळेचे नाव जपून ठेवावे. दुसरे मत घेताना नुसता कागद नव्हे, तर काचपट्ट्या आणि ब्लॉक सोबत न्यावे व काम झाल्यावर ब्लॉक परत मागून घ्यावा. उन्हात गाडीच्या काचेपाशी ठेवला तर मेण वितळते, हेही ध्यानात असावे. पहिली दुर्बीण तपासणी तीन महिन्यांनी असते. उग्र प्रतीच्या आजारात पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, पुढे पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी आणि त्यानंतर दरवर्षी ती करावी लागते. ‘आता काही त्रास नाही’ म्हणून वारी चुकवू नये. विडी-सिगारेट तर निदानाच्या दिवशीच सुटली पाहिजे.

खर्चाच्या भीतीने कोणी घरी बसू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. त्यासाठी समाजसेवा अधीक्षकांस भेटावे.

विश्वस्त व देणगीदारांस

साहाय्य कशाला करावे, या विचारणेचे आमचे उत्तर वरील विवेचनातच आहे. जनुकांची तपासणी मोठ्या केंद्राकडून करून घेता येते. ब्लॉक चांगला असेल तर तो कोठेही पाठवता येतो. खराब तुकडा मात्र जगातील कोणत्याही प्रयोगशाळेत सुधारत नाही. म्हणून पहिला रुपया फॉर्मालिन भरलेल्या, तारीख-वेळ लिहिलेल्या बाटल्यांसाठी आणि नमुने वेळेवर पोचवणाऱ्या माणसासाठी. दुसरा, निदानाला खरोखर लागणाऱ्या मोजक्या प्रतिपिंडांसाठी. तिसरा, ब्लॉक क्रमवार व थंड जागी जपून ठेवण्यासाठी, कारण आज ज्या प्रश्नाला औषध नाही त्याला चार वर्षांनी असेल, आणि तेव्हा तोच ब्लॉक पुन्हा काढावा लागेल. चौथा, तपासणीची तारीख चुकवणाऱ्या रुग्णाला दूरध्वनी करण्यासाठी आणि गरजूंना एसटी-रेल्वेचे भाडे देण्यासाठी. या यादीत उद्‌घाटनाची फीत कापण्याजोगे काही नाही, हे आम्ही जाणतो. परंतु मूत्राशय वाचणे किंवा गमावणे हे पुष्कळदा याच लहान गोष्टींवर ठरते.

लघवीतील रक्ताविषयीची एवढी एक गोष्ट आपण आपल्या गावी, पारावर आणि बाजाराच्या दिवशी चार जणांना सांगावी, ही विनंती. तीही आमच्या दृष्टीने देणगीच आहे.